लुगडं कोंबलेली ढोलकी

ढोलकीत लुगडं कोंबायची कल्पना ऑर्केस्ट्रावाल्या शेखरची, पण कोंबलं ते नत्थुजीनं स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कोणाला त्यानं तिला हात लावू दिला नसता. अंगणात पोतं टाकून बसला, पान्यानं एकेक नट ढिला केला, कातड्याची पुडी अलगद काढून बाजूला ठेवली आणि सुंदराबाईचं जुनं हिरवं लुगडं, धुवून धुवून मऊ झालेलं, बोटाबोटानं आत दाबत गेला. पुन्हा पुडी बसवली, नट आवळले, थाप मारून पाहिली. भद्द. ओल्या वाफ्यात भोपळा पडावा तसा आवाज.

सुंदराबाई, त्याची बायको, ओट्यावर सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिनं मान वर केली नाही.

"झालं का तिचं तोंड बंद? वावरात एक बुजगावनं हाये, आता स्टेजवर दुसरं."

नत्थुजीनं पाना पिशवीत टाकला.  

त्याचा मळा बाळापूरच्या अलीकडे, रस्त्याला लागून. वांगी, मेथी, पालक, सांभार. सकाळी सुंदराबाई माल घेऊन अकोल्याच्या बाजारात बसते आणि नत्थुजी, गावात कोणालाही विचारा, आर्टिस्ट आहे. शेखरच्या ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवतो. लग्न, हळद, बारसं, जयंती, नगरसेवकाचा वाढदिवस, अकोल्यापासून अमरावतीपर्यंत मांडव म्हणून एक सोडला नाही त्यानं. आधी त्या ऑर्केस्ट्रात माणसंच माणसं होती. तबला, ढोलकी, ड्रमसेट, कोंगो, बासरी. मॅटाडोरमध्ये वाद्यं आधी चढायची आणि उरलेल्या जागेत माणसं एकमेकांच्या मांडीवर.

मग रिदम मशीन आली. दिसायला टिफिनच्या डब्याएवढी, वर बटणं, बटणांत लाल-हिरवे दिवे. हे बटण दाबलं की तबला, ते दाबलं की ड्रम. तिला पंगतीत पान मांडावं लागत नाही, ती रुसत नाही, एसटी चुकली म्हणत नाही, पिऊन येत नाही. तबलेवाला आता अकोल्यात ई-रिक्षा चालवतो. ड्रमवाला बसस्टँडसमोर मोबाइलची कव्हरं विकतो, आणि कोणी ओळख दाखवली तर गिऱ्हाइकाकडे तोंड वळवतो. मॅटाडोर गेली, कार आली.

नत्थुजी तेवढा राहिला. त्याला वाटलं आपल्या हातामुळं राहिलो. खरी गोष्ट अशी होती की नुसता डबा मांडून शेखर एका मांडवात उभा राहिला तेव्हा नवरदेवाच्या मामानं सगळ्यांसमोर विचारलं होतं, "काहून भाऊ, बाजा घरीच इसरला का?" लोकांना ऐकायला काहीही चालतं, पण बघायला ढोलकीवाला लागतो. फेटा बांधलेला, मान हलवणारा, घाम पुसणारा. तो असला की बाजा आहे असं वाटतं.

बरं, ही मशीन नत्थुजीच्या पोटावर आली असं म्हणायचं तर तिच्यात ढोलकी होती ती त्याचीच. ती गोष्टही सांगितली पाहिजे.

मशीन नवी होती तेव्हा तिच्यातली ढोलकी ऐकवत नसे. पत्र्याच्या डब्यावर चमचा. शेखर नत्थुजीला म्हणाला, काका, आपण तुमचं रेकॉर्डिंग करू. रेकॉर्डिंग हा शब्द ऐकून माणूस हरखला. आयुष्यभर वाजवलं ते हवेत गेलं, आता कुठंतरी राहील. नवा शर्ट घातला, मिशीला कलप लावला आणि अमरावतीला गेला. राजापेठेत एका ट्यूशन क्लासच्या वर खोली होती, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. ऑर्केस्ट्राचा कीबोर्डवाला पियुष कानाला हेडफोन लावून बसलेला. तो म्हणाला, पूर्ण गाणं नको, काका, एकेक तुकडा द्या. एक सरळ चाल द्या, एक ठेका उचलून घेणारा उठान द्या, एक शेवट द्या.

नत्थुजीला ते विचित्र वाटलं. तुकडे कशाला, गाणं कुठं आहे? पण मोठ्या ठिकाणी असंच असेल म्हणून त्यानं दिले. एकेक असा दिला की गाद्या ठोकलेल्या भिंतीसुद्धा डोलाव्यात. खालून क्लासचे सर जिना चढून आले. पोरं गणित सोडून बाकाखाली पाय हलवून राहिली, तेवढं जरा थांबा, म्हणाले. ही तक्रार नत्थुजीनं नंतर वर्षभर बक्षीस मिळाल्यासारखी गावाला सांगितली. त्या दिवशी त्यानं काही म्हणजे काही राखून ठेवलं नाही. जो उठान तो एरवी खास मैफिलीत, खास माणूस समोर असला तरच काढायचा, तोही देऊन टाकला.

पुढं एकदा अकोल्यात एका हळदीला त्याला उशीर झाला. बस पंक्चर झाली होती. घामाघूम होऊन लॉनच्या गेटपाशी आला, ढोलकीची पिशवी खांद्यावर, आणि पाय जागीच थांबले. आत ढोलकी वाजत होती. त्याचीच. त्याची चाल, त्याची बोटं, त्याचा उठान. तो गेटवर आणि त्याची ढोलकी आत. गेटवरच्या वॉचमननं विचारलं, तुमी कोन? आणि नत्थुजीला सांगता येईना.

कार्यक्रम संपल्यावर त्यानं शेखरला गाठलं. शेखर काही वाईट माणूस नाही, हीच अडचण. वाईट असता तर नत्थुजीनं त्याची गचांडी धरली असती. शेखरनं खांद्यावर हात ठेवला, थम्स अपची बाटली हातात दिली आणि म्हणाला, काका, तुमाले तं मी अमर करून टाकलं. आता तुमी बिमार पडा, गावाले जा, मराठवाड्यात सोयरीक पाहाले जा, ढोलकी तुमचीच वाजनार.

यावर काय म्हणायचं? कापसाला भाव मिळाला नाही तर रस्ता अडवता येतो, पाणी आलं नाही तर घागरी घेऊन नगरपालिकेत शिरता येतं, साहेबाच्या टेबलावर रिकामी घागर आपटता येते. ढोलकीवाल्यानं कोणाच्या टेबलावर काय आपटायचं? निवेदन द्यायचं तर कोणाविरुद्ध? शेखरविरुद्ध? त्या डब्याविरुद्ध? का नवा शर्ट घालून, मिशीला कलप लावून जिना चढलेल्या नत्थुजीविरुद्ध?

तेव्हापासून तो मशीनच्या सोबत वाजवायला लागला. पण जमेना. कारण त्याचा हात मशीनच्या मागं जात नव्हता, तो बेबीताईच्या मागं जायचा. बेबीताई ऑर्केस्ट्राची गाणारी, पन्नाशी उलटलेली. आवाज अजून खणखणीत, पण दम पुरत नाही. कडव्याच्या शेवटी श्वास तुटला की ती डोळ्याच्या कोपऱ्यातून नत्थुजीकडे बघायची, आणि नत्थुजी ढोलकीचं एक आवर्तन जास्त घ्यायचा. लोकांना वाटायचं वा, काय रंगवलं. तेवढ्यात बेबीताई श्वास भरून घ्यायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं, दोघांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. मशीनला डोळ्याचा कोपरा नाही. ती पुढं निघून जायची, नत्थुजी मागं थांबायचा, आणि एकाच माणसाच्या दोन ढोलक्या मांडवात भांडायच्या. मग शेखर म्हणाला, काका, हात चालू ठेवा, पन आवाज नका काढू. हात चालू आणि आवाज नाही, हे त्याला जमेना. शेवटी लुगडं.

तेही अंगवळणी पडलं. माणसाच्या काय अंगवळणी पडत नाही? तो फेटा बांधायचा, मान हलवायचा, घाम पुसायचा. घाम मात्र खरा यायचा. कार्यक्रमानंतर पोरं येऊन सेल्फी काढायची, काय वाजवता काका, म्हणायची, आणि तो हसायचा. एकट्या बेबीताईनं एकदा गाडीत, सगळे झोपेत असताना, हळूच म्हटलं होतं, "नत्थूभाऊ, आता मी गात नाई, मशीनच्या मांगं पळून राहिली." 

आणि मग धर्मपाल वस्तादांचा फोन आला.

वस्ताद म्हणजे नत्थुजीचे गुरू. बाळापुरात त्यांचं घर होतं, भीमगीतांचं पथक होतं. नत्थू पोरगा असताना बापासोबत बैलगाडीतून भाजी घेऊन बाजारात यायचा आणि वांग्याची टोपली तशीच टाकून वस्तादांच्या ओट्यावर जाऊन बसायचा. माळ्याचं पोरगं बौद्धांच्या वस्तीत बसतं, त्यांच्या तांब्या-गडव्यानं पाणी पितं, ही बातमी गावात त्याच्या आधी पोचायची. बापानं कासऱ्यानं झोडलं. पुढच्या बाजाराला पोरगा पुन्हा ओट्यावर. वस्तादांनी महिनोन् महिने त्याला ढोलकीला हात लावू दिला नाही, पोत्यावर वाजवायला लावलं, मांडीवर वाजवायला लावलं. "ढोलकी बोटात नसते, बे," ते म्हणायचे. "गानाऱ्याच्या दमात असते. त्याच्या छातीकडं पाह्य. त्याचा दम तुटला अन तुयी ढोलकी पुढं गेली, तं तू वाजवनारा नाई, पळून जानारा." ज्या घरांनी तेव्हा नाकं मुरडली त्याच घरांच्या हळदीत पुढं नत्थुजीची ढोलकी वाजली. ही कोणी शिकवली, हे मात्र एकानंही विचारलं नाही. नत्थुजी न विचारता सांगायचा, मुद्दाम, मोठ्यानं, पंगतीत बसून.

आता वस्ताद अमरावतीला मुलाकडे, जीवनकडे राहतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले.

"नत्थू," फोनवर आवाज तसाच, "आमच्या हर्षीचं लगन हाये. पोट्टे डीजे म्हनून राहिले होते. मी म्हटलं, मले दिसत नाई, आता आयकूबी देता का नाई? तुया बाजा पायजे. तू वाजवशीन ना?"

हर्षा म्हणजे जीवनची मुलगी, वस्तादांची नात. नत्थुजीच्या तोंडून निघून गेलं, "वाजवीन ना, वस्ताद."

फोन ठेवला आणि त्याला जेवण गेलं नाही. साऱ्या वऱ्हाडाला कळलं तरी चाललं असतं, नवरदेवाच्या मामांना, वॉचमनला, सेल्फीवाल्या पोरांना; या एका माणसाला कळू नये. सुंदराबाईनं ताटाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. त्यानं तर तो जास्तच घाबरला.

दुसऱ्या दिवशी अकोल्याला जाऊन त्यानं शेखरची मनधरणी केली. एक गाणं, फक्त एक, मशीन बंद ठेवून. बेबीताई आणि मी. शेखरनं ऐकून घेतलं. मग समजावलं की मशीनमध्ये नुसती ढोलकी नाही, बेस तिच्यात आहे, व्हायोलिनं तिच्यात आहेत, मागं 'जय भीम' म्हणणारी कोरसची माणसं तिच्यात आहेत. मशीन बंद केली तर पियुषचा कीबोर्ड एकटा पडतो, अर्धा बाजा मुका होतो. आणि समोर लग्न आहे, घरगुती बैठक नाही.

"अन काका," शेखर म्हणाला, आणि हे त्यानं प्रेमानंच म्हटलं, "तुमच्या वस्तादाले दिसत नाई ना? मंग काय भेव हाये? आयकू तं तुमीच येनार. तुमचाच हात हाये ना त्याच्यात."

नत्थुजी घरी आला तो हेच घोळवत. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं ढोलकी पुढ्यात घेतली, पाना हातात घेतला. लुगडं काढून टाकावं, मग जे होईल ते होईल. एक नट फिरवलाही. आणि मग डोक्यात आलं, लुगडं काढलं तर आपला हात राहायचा नाही. बेबीताईचा दम तुटला की हात थांबेल आणि मशीन पुढं जाईल. दोन ढोलक्या ऐकू येतील. वस्ताद काय बहिरे आहेत? लुगडं आत राहिलं तर मात्र एकच ढोलकी ऐकू येईल, साफ, चुकीशिवाय, नत्थूचीच. त्यानं नट पुन्हा आवळला. चांगला घट्ट आवळला.

लग्न भर मे महिन्यातलं. राजापेठेतून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं लॉन, वर कापडी मांडव, चारी बाजूंनी मोठे जम्बो कूलर घरघरत होते. वंदना झाली, पंचशील झालं, वधूवरांनी हार घातले. मग एकीकडे पंगती बसल्या आणि दुसरीकडे बाजा सुरू झाला. पहिल्या रांगेत मधोमध वस्तादांची खुर्ची. पांढरा सदरा, काळा चष्मा, हातात काठी. नत्थुजी पाया पडायला गेला तेव्हा त्यांनी त्याचे हातच धरले, उलटे केले, बोटांची टोकं चाचपली. नत्थुजीनं हात हलकेच ओढून घेतले. ढोलकी वाजवणाऱ्याच्या बोटांना घट्टे असतात. त्याचे आता उरले होते ते तळव्यावर, खुरप्याचे.

"मऊ झाले बे हात," वस्ताद म्हणाले.

"वय झालं, वस्ताद."

"मी मेलो नाई अजून, अन तुयं वय झालं."

आजूबाजूचे हसले. नत्थुजीही हसला, फेटा सावरत स्टेजवर चढला आणि मांडी घालून बसला. पियुषनं बटण दाबलं.

पहिलं गाणं, दुसरं गाणं. नत्थुजीचे हात हलत होते आणि डोळे वस्तादांवर. वस्तादांची मान हलत होती. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं ठेका धरत होती, नेमकी, जशी बाळापूरच्या ओट्यावर धरायची. मग तो उठान आला. वस्तादांनी शेजारी बसलेल्या जीवनच्या मांडीवर थाप मारली आणि इतक्या मोठ्यानं बोलले की स्टेजवर ऐकू आलं.

"आयक. हे मी देल्लं त्याले. माह्या बापानं मले देल्लं होतं."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते नत्थुजीला बघवेना. आनंदच होता तो, दुसरं काय. आणि तरी हायसंही वाटलं. निभावलं. आणखी थोडी गाणी, मग जेवण, मग गाडीत बसायचं. शेखरनं त्याच्याकडे बघून डोळा मिचकावला. नत्थुजीनं, देवा शप्पथ, मान डोलावली.

बेबीताईनं भीमगीत धरलं होतं, वस्तादांच्या आवडीचं, संथ चालीचं. दुसरं कडवं सुरू झालं आणि लाइट गेली.

कूलर घरघरत थांबले. मशीनचे दिवे विझले. बेस, व्हायोलिनं, कोरसची माणसं सगळी एका क्षणात गेली. माइक मेला. उरला बेबीताईचा उघडा आवाज, अर्ध्या ओळीवर. जनरेटर होता, पण जनरेटरवाला पंगतीत बसला होता आणि त्याला शोधायला माणूस पळाला.

मांडवात कुजबुज सुरू झाली. वस्तादांनी काठी आपटली. त्यांच्या आयुष्यात लाइट नेहमीच गेलेली होती. त्यांनी कंदिलावर, गॅसबत्तीवर, चांदण्यावर पथकं वाजवली होती.

"लाइट गेली तं जाऊ द्या," ते म्हणाले. "बाई, थांबू नका. लाइट काय गाते का? नत्थू, घे."

बेबीताईनं नत्थुजीकडे पाहिलं. डोळ्याच्या कोपऱ्यातून नव्हे, सरळ. तिला लुगडं माहीत होतं. तरी तिनं ओळ उचलली. माइकशिवाय, मशीनशिवाय, तिच्या स्वतःच्या दमावर, आणि कित्येक दिवसांत गायली नव्हती तशी गायली. मांडव गप्प झाला. पोरंसुद्धा गप्प झाली. ओळ संपली, आणि आता ढोलकी यायची होती.

नत्थुजीचा हात आपोआप उठला आणि पडला. भद्द.

पुन्हा. भद्द. भद्द. बोटं बरोबर जागेवर पडत होती, एकही चुकत नव्हतं, आणि आवाज लुगड्यात जिरत होता. त्यानं जोर लावला. जोर लावला तसं जास्तच मेल्यासारखं वाजलं. मागच्या रांगेत कोणीतरी खिदळलं. पाना गाडीत होता, गाडीची चावी ड्रायव्हरच्या खिशात, ड्रायव्हर पंगतीत. आदल्या दिवशी त्यानंच नट इतके आवळले होते की नखांनी काय, दातांनीही हलले नसते. त्यानं नखं लावून पाहिली. भर मांडवात, सगळ्यांसमोर, पुडीची कड नखांनी ओरबाडून पाहिली.

बेबीताईनं आणखी एक ओळ ओढली, तिचा दम तुटला, आणि ती थांबली.

"नत्थू," वस्ताद म्हणाले. "इकडं ये. घेऊन ये तिले."

तो उतरला. पायऱ्या कशा उतरला ते त्याला आठवत नाही. वस्तादांनी हात पुढं केले आणि त्यानं ढोलकी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी पुडीवर तळवा फिरवला, टिचकी मारली. दुसऱ्या बाजूनं मारली. मग ढोलकी उचलून वजन पाहिलं, आजारी लेकरू उचलून बघावं तसं.

"काय हाये इच्यात?"

"लुगडं."

"कोनाचं?"

"सुंदराचं."

वस्तादांनी आवळलेल्या नटांवरून बोट फिरवलं. "कोनं भरलं?"

नत्थुजीला शेखरचं नाव सांगता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. "म्याच," तो म्हणाला.

जनरेटरवाला सापडला असावा. मांडवामागं काहीतरी धडधडलं, कूलर हलले, स्पीकरमध्ये खर्र झालं. पियुषनं घाईघाईत बटण दाबलं, आणि ढोलकी सुरू झाली. भरदार, साफ, मांडवभर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वस्तादांचे हात त्यांच्या मांडीवरच्या ढोलकीवर होते, आणि ती ढोलकी हलत नव्हती. त्यांनी चाचपडत नत्थुजीचं मनगट धरलं, मग दुसरं मनगट धरलं. दोन्ही हात धरून ते ऐकत राहिले. उठान आला आणि गेला.

"हात तं इथं हायेत तुये," ते हळू म्हणाले. "मंग हे कोन वाजवून राहिलं?"

"मीच, वस्ताद."

हे खोटं नव्हतं. याहून खरं त्याला दुसरं काही सुचलंही नाही. वस्तादांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्यांनी मनगटं सोडली, एकेक करून, आणि काळा चष्मा स्टेजकडे वळवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बापासारखं कासऱ्यानं झोडलं असतं तर नत्थुजीनं पाठ दिली असती.

स्टेजवरून शेखर हातानं बोलावत होता, या, या, जागा मोकळी दिसते. नत्थुजी ढोलकी घ्यायला वाकला. वस्तादांची बोटं ढोलकीच्या कडीत अडकवलेली होती, घट्ट. त्यानं ओढली नाही. जीवननं त्याच्याकडे पाहिलं आणि नजर दुसरीकडे केली, हर्षा दूर खुर्चीत फोटो काढून घेत होती. सगळं लग्न छान चाललं होतं.

तो तसाच स्टेजवर चढला आणि आपल्या जागी मांडी घालून बसला. पुढ्यात ढोलकी नाही. कोणीतरी विचारेल, निदान त्या मागच्या रांगेतलं खिदळणारं तरी विचारेल, म्हणून त्यानं वाट पाहिली. फेटा होता, घाम होता. कोणी काही विचारलं नाही. एका पोरानं मोबाइल वर धरून त्याचा फोटोसुद्धा काढला.

बेबीताईनं तेच भीमगीत पुन्हा पहिल्यापासून घेतलं, आता माइकवर. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी तिचा दम तुटला, आणि जुन्या सवयीनं तिनं डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहिलं, एक आवर्तन जास्त मागत. नत्थुजीचे हात गुडघ्यावर होते. त्याची ढोलकी पुढच्या ओळीवर गेली होती.